दर्या नसलेल्या राज्याची चौकशी

नाखवा कुठेही बसायच्या आधी समुद्र कोणत्या बाजूला आहे ते विचारून घेत. ते कळल्याशिवाय त्यांना खुर्चीवर टेकवत नसे. बहरीनची राजधानी मनामा, तिथल्या जुन्या बाजारात माझे टायपिंगचे दुकान आहे. समोर शोरमावाल्याची भिंत, मागे गोदाम आणि डोक्यावर एसीचे पाणी ठिबकवणारा पाइप. या दुकानातून समुद्र दिसणे दूरच, आकाशसुद्धा बेताचेच दिसते. तरीही नाखवा उंबऱ्यावर थबकत आणि विचारत, "मुन्शी, दर्या कंच्या अंगाला?" मी रोज सांगत असे, उत्तरेला. मग ते अर्जदारांसाठी ठेवलेली खुर्ची उचलत, उत्तरेकडे तोंड करून मांडत आणि माझ्याकडे पाठ फिरवून बोलू लागत. ज्याने आयुष्यभर लोकांची गाऱ्हाणी समोरासमोर बसून ऐकली, त्याने एका माणसाच्या मानेशी संभाषण करायचे, हा प्रकार किती जाचक असतो हे सोसणाऱ्यालाच ठाऊक.

गलबत चालवणाऱ्याला आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर नाखवा म्हणतात. हे गृहस्थ श्रीवर्धनकडचे. इथे बहरीनमध्ये त्यांनी सित्र्याच्या धक्क्यावर टग चालवली. अवाढव्य टँकरला दोर बांधून धक्क्याला आणणारी ती बुटकी, दणकट बोट. नोकरी संपल्यावर त्यांच्या एकुलत्या मुलीने, नसीमने, त्यांना आपल्या व्हिसावर ठेवून घेतले. पत्नी पूर्वीच निवर्तलेली. नसीम शहराच्या सीफ भागातल्या एका बँकेत नोकरीला, त्यामुळे सकाळी ती गाडीतून त्यांना बाजारात सोडून जाई आणि ते थेट माझ्याकडे येत. काम काहीच नसे.

माझ्याविषयी एवढेच नमूद करतो की नववीनंतर शाळेने आणि मी एकमेकांची रजा घेतली असली, तरी माणगावच्या कचेरीबाहेर टेबल मांडून बसलो तेव्हापासून आजतागायत माझ्या मसुद्याला मान आहे. कंपनीचा मॅनेजर असो वा वकिलातीचा अधिकारी, माझ्या हातचा अर्ज तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. नाखवांना मात्र याचे काही वाटत नसे. मी "परम आदरपूर्वक सादर" असे टाइप करू लागलो की पाठमोरेच विचारत, "आज कोनाच्या पाया पडतोस रे?" समोर बसलेला अर्जदार हसे आणि माझ्या अधिकाराला तेवढ्यापुरता तडा जाई.

अर्जदारांना तर ते सोडतच नसत. एखादा बिचारा घाईने रजेचा अर्ज लिहून घ्यायला आलेला असे, बाहेर कंपनीची बस उभी असे, आणि नाखवा त्याला विचारू लागत. गाव कंचा? घरं किती? शेजार कोन? शेजारी नांदता की भांडकुदळ? माणूसही असा भुले की आईचे आजारपण बाजूला ठेवून शेजाऱ्याच्या बांधाचा तंटा सांगू लागे. मी इथल्या अरबीत घाई करायचो, "नाखवा, यल्ला, चला, मला काम करू द्या." ते म्हणायचे, "तू कर की. तुना कोन धरलाय?"

या माणसापुढे एके दिवशी वायोमिंग येऊन ठाकले.

झाले असे की नसीमला मागणी आली. मुलगा इम्तियाज, मूळचा महाडकडचा, अमेरिकेतल्या वायोमिंग नावाच्या राज्यात एका खाणीत इंजिनिअर. त्याचे मामू इथेच मनामात कापडाचा व्यापार करतात, त्यांनीच स्थळ आणले होते. मुलगा सुट्टीत इथे येऊन गेला होता, मुलीशी बोलला होता, दोघेही राजी होते. मामू माझ्या दुकानात पेढे घेऊनच आले, इतका त्यांना भरवसा होता. नाखवांनी पेढा हातात धरला, तोंडात घातला नाही, आणि विचारले, "तिथं दर्या किती लांब?"

मामूंनी माझ्याकडे पाहिले. मी संगणकावर नकाशा उघडला आणि त्या दिवसापासून माझ्या मागे जे लागले ते लागलेच. वायोमिंगला कोणत्याही बाजूने समुद्र नाही. शेजारच्या राज्यांनाही नाही. पश्चिमेच्या समुद्राकडे निघावे तर मध्ये आणखी राज्ये, डोंगर आणि वाळवंट. पूर्वेचा समुद्र तर विचारूच नये. नाखवा प्रथमच खुर्ची फिरवून माझ्याकडे तोंड करून बसले. त्या राज्याच्या चारही हद्दी सरळ रेषांच्या, एखाद्या पत्र्याच्या तुकड्यासारख्या कापलेल्या, हे पाहून त्यांचा संताप झाला.

"ही हद्द कोनी आखली? पट्टी घेऊन?"

"तिथली पद्धत असेल," मी म्हणालो.

"अरे, हद्द म्हणजे खाडी असते, वहाळ असतो, डोंगराचा माथा असतो. जमिनीला विचारून हद्द पाडतात. यांनी कागदाला विचारलं." पेढा त्यांनी परत डब्यात ठेवला. मामूंचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी लोकसंख्येचा विषय निघाला. मी माहिती काढून ठेवली होती, कारण अर्धवट कागदावर मत देणे माझ्या स्वभावात नाही. अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत सर्वांत कमी माणसे याच राज्यात. आमचे हे बहरीन त्यात शेकडो वेळा मावेल एवढा त्याचा विस्तार, आणि माणसे बहरीनच्या निम्म्याहूनही कमी. मी हे जरा कौतुकानेच वाचून दाखवले. एवढी मोकळी जागा, स्वच्छ हवा, पश्चिमेला बर्फाचे डोंगर, पूर्वेला नजर पोचेल तिथवर गवताळ माळ.

"मग हाक कोनाना मारायची?" नाखवा म्हणाले.

"म्हणजे?"

"माझी पोरगी घरात एकटी. नवरा खाणीत. तिला काय झालं, तर हाक मारल्यावर कोन येणार? डोंगर येणार?"

मी म्हणालो, फोन असतो. ते म्हणाले, फोन काय तुमच्या दारात येऊन उभा राहतो? यावर माझ्याकडे उत्तर होते, परंतु त्यांनी खुर्ची पुन्हा उत्तरेकडे फिरवली होती.

आमच्याकडे स्थळाची चौकशी कशी करतात हे जाणत्या वाचकांना सांगायला नको. नवऱ्या मुलाला कोणी काही विचारत नाही. तो चांगलेच सांगणार. वधूपिता त्या गावी जातो, मुलाच्या घराऐवजी शेजारच्या घरी शिरतो, तहान लागली म्हणून पाणी मागतो आणि पाणी पिता पिता बोलणे काढतो. विहीर आटते का, घरात आरडाओरडा ऐकू येतो का, अडीनडीला ही माणसे धावतात का. नाखवांनी आपल्या दोन बहिणींची लग्ने अशीच जमवली होती. आता वायोमिंगला जाऊन पाणी कसे मागणार? तेव्हा त्यांनी फर्मावले, "मुन्शी, तू लिही. त्या राज्याच्या साहेबाला."

मी विरोध केला. मग, विषय माझ्या हातोटीचा असल्याने, लिहिले. राज्याच्या गव्हर्नर महोदयांना उद्देशून असा अर्ज यापूर्वी कोणी केला असेल असे मला वाटत नाही. प्रारंभी वधूपित्याचा परिचय, नंतर प्रस्तावित विवाहाची पार्श्वभूमी, त्यानंतर कलमवार विचारणा: सदर भागातील पाण्याचा स्रोत, वाऱ्याचा वेग, हिमवर्षावाचा काळ, निकटतम शेजाऱ्याचे अंतर व त्याचा स्वभाव. स्वभावाच्या कलमावरून आमचे कडाक्याचे भांडण झाले. मी म्हणालो, कोणत्याही सरकारकडे शेजाऱ्याच्या स्वभावाची नोंद नसते. ते म्हणाले, मग ते सरकार करतं काय?

संध्याकाळी नसीम त्यांना न्यायला आली, तिने पडद्यावरचा मसुदा वाचला आणि कपाळाला हात लावला. "अब्बा, धिस इज सो एम्बॅरसिंग! गव्हर्नरला? गुगल करा ना!"

"गुगल कोनाचा शेजारी?" नाखवा म्हणाले.

अर्ज गेला. उत्तर येईल अशी माझी खात्री होती आणि ते आले, हे मुद्दाम सांगतो. बऱ्याच दिवसांनी एक जाड पाकीट आले. आत राज्याच्या पर्यटन खात्याची रंगीत पुस्तिका, रस्त्यांचा घडीचा नकाशा आणि आमची सुट्टी आनंदात जावो अशा शुभेच्छा. माझ्या एकाही कलमाला स्पर्श नव्हता. पुस्तिकेत जमिनीतून उकळते पाणी उसळत असल्याचे छायाचित्र होते. नाखवांनी ते बराच वेळ न्याहाळले. "पाण्याची चौकशी केली तर हे दाखवतात," ते म्हणाले. मी इतका चिडलो होतो की मला त्या दिवशी दुसरा कोणताही मसुदा सुचला नाही.

इकडे मामू अस्वस्थ झाले होते. महाडहून विचारणा होत होती, मुलाच्या आईला होय किंवा नाही हवे होते, आणि नाखवा दोन्ही म्हणत नव्हते. मामूंनी माझ्याकडे येऊन सांगितले की या महिन्याच्या अखेरीस उत्तर मिळाले नाही, तर ते दुसरीकडे बोलणी करतील. त्या शुक्रवारी नसीमने आम्हा दोघांना झल्लाकच्या किनाऱ्यावर नेले. नाखवा पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि ती गाडीपाशीच माझ्याशी बोलली, निम्मे मराठीत.

"अंकल, आय लाइक हिम. मला तिथे जायचंय. अब्बा नाही म्हणाले तर मी भांडेन. पण ते नाही म्हणतच नाहीत ना! ते फक्त विचारत बसतात. मी भांडू कोणाशी?"

डोळे पुसायला तिने गॉगल काढला आणि लगेच परत घातला. मला राहवले नाही. मी वाळूतून नाखवांकडे गेलो, बूट वाळूने भरले, आणि मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले. "नाखवा, नियम काय आहे तो ऐका. तुमचा व्हिसा नसीमच्या नोकरीवर आहे. ती गेली की तुमचं इथलं राहणं खलास. लोक म्हणतात, म्हणूनच म्हातारा अडवतोय." खरे तर हे लोकांपैकी कोणीच म्हणत नव्हते, माझेच मत होते. परंतु मत सर्वांचे म्हणून मांडले की त्याला वजन येते, हा माझा व्यवसायातला अनुभव.

ते रागावतील असे मला वाटले होते. ते पाण्याकडेच पाहत राहिले. "व्हिसा गेला तर मी घरी जाईन. श्रीवर्धनला माझ्या दाराला कडीपण नाय. मना नको सांगू." मग म्हणाले, "तिची आई गेली तवा मी टगवर होतो. कोन धावलं? शेजारची मल्याळी बाई. भाषा कळत नव्हती, तरी पोरीला कुशीत घेऊन बसली. ती नसती तर?" आणि माझ्याकडे वळून, "मना तिथली ती बाई दाखव. मग मी हो म्हणतो."

आता ही बाई वायोमिंगमध्ये कुठून पैदा करायची? तो प्रश्न मी इम्तियाजवर टाकला. मुलगा शहाणा निघाला. त्याचे घर गावापासून फार दूर, माळावर, आणि सर्वांत जवळची वस्ती म्हणजे गुरे पाळणाऱ्या एका वयस्क बाईचा वाडा. ठरल्या वेळी तो तिच्या स्वयंपाकघरात फोन घेऊन जाऊन बसला. आमच्याकडे संध्याकाळ, तिथे सकाळ. माझ्या दुकानात मी, नाखवा आणि नसीम. दुभाषी मीच, कारण नसीमने बोलायचे नाही अशी नाखवांची अट होती. मुलगी आपल्या बाजूने तर्जुमा करील, असे त्यांचे म्हणणे.

पडद्यावर पांढऱ्या केसांची, पुरुषी शर्ट घातलेली एक बाई आली. मी घसा साफ करून इंग्रजीत म्हणालो, "माननीय महोदया, वधूपिता आपणांस अत्यंत नम्रतापूर्वक काही विचारू इच्छितात."

बाई इम्तियाजकडे वळून म्हणाली, "हा तुझा वकील आहे का? तू काय केलंस?"

नसीम तोंड दाबून हसू लागली. नाखवा मला म्हणाले, "आधी पाणी माग."

"नाखवा, ती अमेरिकेत आहे!"

"ठाव हाय. माग तू."

"पाणी इथे कसं येणार?"

"तुना मागाय काय होतं? रिकाम्या तोंडानं कोनाच्या दारात चौकशी करतात?"

माझ्या आयुष्यातला सर्वांत लाजिरवाणा तर्जुमा मी केला: वधूपिता आपणांकडे पेलाभर पाणी मागत आहेत.  बाई उठली, तिने नळाखाली पेला धरला आणि तो भरलेला पेला कॅमेऱ्यासमोर आणून उभा केला. कशासाठी, असे तिने विचारले नाही. नाखवा खुर्चीतून पुढे झुकले आणि त्या पेल्यातून आरपार पाहू लागले.

"साफ हाय. विहिरीचं की नळाचं?"

बोअरचे, बाई म्हणाली. तिच्या आजोबांनी खणलेली. तिथून जे बोलणे सुरू झाले, त्याच्या वेगाशी माझे इंग्रजी कसेबसे जुळत होते. वारा? वारा कायमच असतो, ज्या दिवशी थांबतो त्या दिवशी कोंबड्या तोल जाऊन पडतात. बर्फ? पडले की महामार्गच बंद करून टाकतात, फाटक लावून. मुलगा? बाईने इम्तियाजच्या पाठीवर थाप मारली. गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा इस्पितळात होता, रस्ता बंद, आणि हा पोरगा वादळाच्या आधी येऊन तिच्याकडे राहिला. "गाय कोणत्या बाजूने खाते हेही याला ठाऊक नव्हतं. पण रोज पहाटे उठून चारा टाकत होता, शिव्या घालत. कोणत्या भाषेत ते मला कळलं नाही."

"मराठीत," इम्तियाज म्हणाला.

नाखवा पहिल्यांदा हसले. मग त्यांनी ज्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला होता ते विचारले. माझी मुलगी घरात एकटी असताना तिला काही झाले, तर तुम्हाला पोचायला किती वेळ? मी ते जसेच्या तसे सांगितले. त्यात आदर घालायला मला सुचले नाही.

"पाऊण तास," बाई म्हणाली. "रस्ता चालू असेल तर."

मी मनाशी म्हणालो, संपले. पाऊण तासात आमच्या बेटाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाऊन चहा पिता येतो. नाखवांनी विचारले, "आणि बंद असला तर?"

"मग ट्रॅक्टरने येईन. वेळ लागेल. पण येईन."

हे मी मराठीत सांगितले तसे नाखवा मागे रेलले. "मग टग हाय म्हन की तिच्याकडं," ते म्हणाले, आणि मग, "दर्यावर पाऊण तास म्हणजे शेजारच झाला. माझं एकदा इंजिन बंद पडलं तवा आठ तास वाट बघितली होती." नसीमने त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, कारण त्यांना दोन्ही हातांनी त्या बाईला सलाम करायचा होता. बाईनेही तो पेला उंचावला आणि पाणी स्वतःच पिऊन टाकले.

"मामूला सांग," नाखवा मला म्हणाले. "पेढे आण म्हणावं."

माझ्या अर्जाचा उल्लेखही कोणी केला नाही. इतक्या कलमांचा मसुदा वाया गेला आणि कार्य एका पेल्यावर झाले, याचे मला आजही वैषम्य वाटते.

निकाह मनामातच झाला. नसीम गेली. विमानतळावर तिने मला "थँक यू, मुन्शी अंकल" म्हटले, आणि वडिलांना काय म्हटले ते मी ऐकले नाही, कारण मी सभ्यपणे बाजूला उभा होतो. नियम मी सांगितला होता तसाच लागू झाला. तिची नोकरी सुटली, त्यांचा व्हिसा रद्द झाला, आयडी कार्ड परत केले. ते सगळे कागद मीच केले, अगदी मनापासून आणि अगदी वैतागून. निदान व्हिजिटचा अर्ज तरी करू, अमेरिकेला मुलीकडे जाऊन या, असे मी पुष्कळ विनवले. मसुदाही तयार ठेवला. नाखवा म्हणाले, "तिथं मी काय करू? तिकडं दर्या नाय." या एका वाक्यावर माझे सर्व युक्तिवाद संपत, कारण त्याला खोडण्यासारखा एकही कायदा नाही.

ते गेले त्या दिवशी टॅक्सीत मीच त्यांच्याबरोबर होतो. सामान एक बॅग आणि एक ताडपत्रीत गुंडाळलेली दोरखंडाची गुंडाळी, जी विमानात का न्यायची यावर आमचे शेवटचे भांडण झाले. टॅक्सीतून उतरताना त्यांनी माझा खांदा धरला.

"मुन्शी, तू राहतोस त्या बिल्डिंगीत तुझ्या भिंतीपलीकडं कोन हाय?"

मी म्हणालो, "नाखवा, ही काय विमानतळावर विचारायची गोष्ट आहे? तुमचं चेक-इन सुरू झालं."

"नाव काय त्याचं?"

मला नाव ठाऊक नव्हते. माझे दुकान इतक्या लोकांच्या दुःखांनी भरलेले असते की घरी गेल्यावर मी कोणाशी बोलत नाही. तेवढा अधिकार मला असावा. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही, मान हलवली आणि दोरखंड काखेत मारून ते आत गेले. वळून पाहिले नाही. पहिल्यांदाच त्यांनी समुद्र कोणत्या बाजूला ते विचारले नव्हते.

ते श्रीवर्धनला आहेत. फोन केला की घराबाहेर वाऱ्यात उभे राहून बोलतात, त्यामुळे अर्धे ऐकू येत नाही. त्यांच्या त्या प्रश्नाने मात्र मला हैराण करून सोडले आहे. मी इमारतीच्या वॉचमनला विचारले, तर तो म्हणाला, "कौन, साब? उस फ्लॅटमें तो लोग बदलते रहते हैं." आमच्या या इवल्याशा बेटावर त्या अख्ख्या वायोमिंगच्या दुपटीहून अधिक माणसे राहतात, आणि माझ्या पलंगामागच्या भिंतीपलीकडे कोणीतरी रोज संध्याकाळी कांदा फोडणीला टाकतो, एवढीच त्याची माहिती माझ्याकडे आहे. काल मी त्या दारापर्यंत गेलो होतो. काय म्हणून बेल वाजवावी याचा मसुदा उभ्या उभ्या मनात करून पाहिला. पहिली ओळच जमेना. मग मी बेल वाजवली, आणि दार उघडणाऱ्या माणसाकडे पाणी मागितले.